मॅक्सवेलचा वाटा

रिशेलने फॉर्म टेबलावर ठेवला तेव्हा तिची आई आग्नेस स्वयंपाकघरात आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे कापत होती. आग्नेसने फॉर्मकडे बघितलं, हातातल्या बांगड्याकडे बघितलं आणि ठामपणे मान हलवली.

"माझी सही मिळूची नाय. आधीच सांगतंय."

"मम्मी, तुझी सही नकोच आसा माका. ह्या फॉर्माक गंगारामकाकाची सही व्हयी."

"मगे बरा," आग्नेस म्हणाली आणि निर्धास्त मनाने पुढचा बांगडा उचलला.

आग्नेसच्या या सावधपणाला कारण होतं. कुडाळजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात रिशेल मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिथे 'डिझाइन' नावाचा नवा विषय सुरू झाला होता. तोवर मुलं यंत्रं काढायची ती कागदावर, मास्तरांनी दिलेल्या मापाची. ती चालतील का, आणि चालली तर कोणाला हवी आहेत का, हे विचारायला कोणी जात नसे, त्यामुळे सगळे पास होत. नव्या विषयात मात्र एक खोच होती. यंत्र ज्याच्यासाठी केलं, त्या माणसाने ते प्रत्यक्ष वापरायचं आणि समाधान झालं तरच फॉर्मवर सही करायची. सही नाही तर विषय नापास.

रिशेलने गेल्या सहामाहीत विजेवर चालणारी आदोळी केली होती. आग्नेसने ती एकदाच वापरली, बोटाला चिकटपट्टी लावली आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगी हुशार आहे, पण मला दहाही बोटं लागतात.' खाली सही केली नाही. कॉलेजच्या इतिहासात सख्ख्या आईने नापास केलेली ती पहिलीच विद्यार्थिनी होती. आता विषय पुन्हा दिला होता आणि ही शेवटची संधी होती. या वेळी सही मिळाली नाही, तर चौथ्या वर्षात जाता येणार नव्हतं.

विषय शिकवणारे कौस्तुभ सर नाशिकचे. वय तिशीचं, उत्साह मात्र बालवाडीतला. त्यांच्या खिशात कायम रंगीत चिकट चिठ्ठ्यांचे गठ्ठे असायचे आणि बोलता बोलता ते समोर दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी चिकटवायचे. "आधी माणूस बघा, मग नटबोल्ट!" हे त्यांचं ब्रीद. "रिशेल, आठ दिवस यंत्राचा विचारसुद्धा करायचा नाही. जायचं, बसायचं, ऐकायचं."

रिशेल जाऊन बसली ती घराजवळच्या किनाऱ्यावर, रापणीपाशी. रापणीचं काम दिसायला सोपं. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकून यायचं, त्याच्या दोन टोकांच्या दोन रस्स्या किनाऱ्यावर दोन बाजूंना धरायच्या आणि माणसांनी ते जाळं हळूहळू ओढून वाळूवर आणायचं. रापणीचा कायदा त्याहून सोपा. ज्याचा रस्सीला हात लागला, त्याला मासळीचा वाटा. मग तो हिंदू असो, ख्रिस्ती असो, वाडीतला असो नाहीतर वाट चुकलेला पर्यटक असो. फक्त जाळं वाळूला लागेपर्यंत मधेच सोडून जायचं नाही, गेला त्याचा वाटा गेला. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडायची कोणाची हिंमत नव्हती.

या रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, गंगाराम. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, आणि आवाज असा की वारा उलटा असला तरी होडीपर्यंत पोचायचा.

"काका, तुमची अडचण काय?" रिशेलने वही उघडून विचारलं.

"अडचण? माणसां येणत नाय गो चेडवा, ही अडचण. एका रस्सीक पन्नास जण व्हये, येतत वीस. पोरगे गेले गोव्याक, आणि रवले ते मोबायलात."

रिशेलने पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'ओढायला माणसं कमी पडतात.' कौस्तुभ सरांनी ती वाचून टाळी वाजवली. "याला म्हणतात खरी समस्या!" असं म्हणून त्यांनी चिठ्ठी गंगारामच्या होडीला चिकटवली. आणि मग रिशेलने मेकॅनिकलच्या कोणाही विद्यार्थ्याने केलं असतं तेच केलं. माणसं कमी पडतात ना, मग माणसं लागणारच नाहीत असं यंत्र करायचं ठरवलं.

इंजिन घरातच होतं. रिशेलचे काका मॅक्सवेल कुवेतला जाताना आपली मोटारसायकल मागच्या पडवीत ठेवून गेले होते. मालवणात रिशेलच्या मामेभावाचं, मेल्रॉयचं गॅरेज होतं. दोघांनी मिळून महिनाभर खपून मोटारसायकलीचं इंजिन लोखंडी चौकटीवर बसवलं, त्याला एक मोठा ढोल जोडला आणि ढोलावर रस्सी गुंडाळली जाईल अशी सोय केली. रिशेलने रस्सीचं वजन, ओल्या जाळ्याचं वजन, पाण्याचा विरोध, सगळं काटेकोर मोजलं होतं. यंत्राला तिने मोठं भारदस्त इंग्रजी नाव दिलं. वाडीने ते ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मिनिटापासून यंत्राला 'मॅक्सवेल' म्हणायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सकाळी मॅक्सवेल टेम्पोतून किनाऱ्यावर उतरला. जाळं पाण्यात पडलेलं होतं. एका बाजूची रस्सी माणसांकडे ठेवून दुसऱ्या बाजूची मॅक्सवेलच्या ढोलाला बांधली. गंगारामने नारळ ठेवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळी रापण एका आवाजात म्हणाली.

"आज ह्या आग्नेसच्या चेडवान मशीन हाडल्यान हा!"

"होय म्हाराजा!"

"तां नीट चालव, आणि कोणाचा बोट घेव नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी सगळ्यात मोठा आवाज आग्नेसचा होता. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दहाही बोटं मुठीत मिटून घेतली.

मेल्रॉयने किक मारली. मॅक्सवेल धडधडू लागला, ढोल फिरला, रस्सी ताठ झाली. जाळं मात्र जागचं हललं नाही. हलला तो मॅक्सवेल. आधी वीतभर, मग हातभर आणि मग चांगला चालीने तो वाळूत दोन चर पाडत समुद्राकडे निघाला.

"मॅक्सवेल चललो कुवेताक!" धोंडू ओरडला. धोंडू हा रापणीतला सगळ्यात आळशी आणि म्हणूनच सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस.

"बोंबलतंस काय मेल्या, धर तेका!" गंगाराम गरजला.

वीस माणसांनी मॅक्सवेलला घोटाभर पाण्यातून ओढून परत आणला. माणसं वाचवणाऱ्या यंत्राची सुरुवात माणसांनी यंत्र वाचवण्यापासून झाली. मग त्याला दोन माडांना साखळदंडाने जखडलं. दुसऱ्यांदा किक मारली, तेव्हा तो इतक्या जोरात ओढू लागला की पलीकडची माणसं मागे राहिली आणि जाळं तिरकं होऊन मासळी मोकळ्या बाजूने निघून जाऊ लागली. मेल्रॉयने गिअर खाली आणला. तिसऱ्यांदा मात्र सगळं जमलं. रस्सी सावकाश, एकसारखी, कोणाच्याही मदतीशिवाय वर येऊ लागली. कौस्तुभ सरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी माडाला एक गुलाबी चिठ्ठी चिकटवली.

त्या बाजूचे वीस जण हात लोंबकळवत उभे होते. कोणाला काय करावं सुचेना. सगळ्यात आधी डोकं चाललं ते धोंडूचं. हात लागला नाही तर वाटा कसला? तो पुढे झाला आणि चाललेल्या रस्सीवर त्याने अलगद हात ठेवला. ते बघून बाकीचे एकोणीस जणही धावले. रस्सी आपली आपण चालली होती, आणि तिच्यावर हात ठेवून वीस धडधाकट माणसं पाण्यापासून माडापर्यंत चालत जात होती, तिथे ती सोडून पुन्हा पाण्याजवळ येत होती.

जाळं वाळूला लागलं. तारली मासळी बरी मिळाली होती. गंगाराम वाटे घालायला बसला आणि पहिला पेच उभा राहिला.

"मशीनीक वाटो खंय?" यशोदाने विचारलं. ती पलीकडच्या रस्सीवर ओढून ओढून घामाघूम झाली होती.

"मशीनीक हात खंय आसत?" धोंडू म्हणाला.

"हात तुकाय आसत, तू काय उजेड पाडलंस? तां बिचारा वीस जणांचा काम करता!"

यशोदाचं म्हणणं सगळ्यांना पटलं. मशीनला वाटा द्यायचा ठरलं. आता तो घ्यायचा कोणी? मेल्रॉय म्हणाला, जोडकाम माझं. कौस्तुभ सर चाचरत म्हणाले, नियमाने विद्यार्थ्याचं यंत्र कॉलेजचं असतं. तेवढ्यात कोणीतरी कुवेतला फोन लावला आणि खुद्द मॅक्सवेल पडद्यावर आला.

"इंजिन माझा, वाटो माझो!" तो तिकडून ओरडला.

"जाळा वाळूक लागासर हयसर येवन उभो रव, दितंय," गंगारामने निकाल दिला आणि मशीनचा वाटा आग्नेसच्या टोपलीत ओतला.

रिशेलने हळूच फॉर्म पुढे केला. गंगारामने तो वरून खालपर्यंत बघितला, मग मॅक्सवेलकडे बघितलं. "शनवारी तुझे मोठे परीक्षक येतले मां? तवसर बघूया," तो म्हणाला. त्या दिवशी सोमवार होता आणि रिशेलला शनिवार फार जवळ वाटत होता. तिला वाटलं, पाच दिवस यंत्र चाललं की सही पदरात पडलीच.

यंत्र चाललं. चाललं हेच चुकलं.

रापणीवर आता नुसता हात लावला की वाटा मिळतो आणि ओढावं लागत नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत मासळी बाजारात पोचली. मंगळवारी मशीनच्या रस्सीवर चाळीस जण होते. बुधवारी सत्तर. निवृत्त हेडमास्तरांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं, ते आता रस्सीला हात लावून चालू लागले. गुडघे दुखतात म्हणून सावित्री चार वर्षं घराबाहेर पडली नव्हती, तिला वाळूत चालायला ही रस्सी जिन्याच्या कठड्यासारखी उपयोगी पडली. लग्नाआधीचे फोटो काढायला कोल्हापूरहून आलेल्या एका जोडप्याने फोटोपुरती रस्सी धरली आणि कायद्याप्रमाणे दोघांच्या हातात पाच पाच तारली पडली. नवरीने ती झगमगीत घागऱ्याच्या ओच्यात घेतली आणि पुढचे सगळे फोटो मासळीसकट काढले. धोंडू तर आता एका हाताने मोबाईल बघत दुसऱ्या हाताची करंगळी तेवढी रस्सीवर ठेवायचा.

पलीकडची रस्सी ओढणाऱ्यांना हे बघवेना. एकेक करून तेही मशीनच्या बाजूला येऊ लागले. शेवटी गंगारामला स्वतःला त्या बाजूला जाऊन ओढावं लागलं. त्यात वाटे घालायला बसलं की मासळी तेवढीच आणि तोंडं तिप्पट. गुरुवारी यशोदाने आपला वाटा तळहातावर घेतला, उलटसुलट करून बघितला आणि गंगारामला विचारलं, "ह्यां शिजवू की नुसता दाखवून जेवू?"

त्याच दुपारी रिशेल पुन्हा फॉर्म घेऊन गेली. गंगारामने या वेळी तो हातातही घेतला नाही.

"चेडवा, तू बरा करूक गेलंस. पण माझी अडचण कमी करूक नाय तुझ्या मशीनीन. वाडवल्यान. मी सही कशी करू सांग?"

रिशेलचा चेहरा पडला. गंगारामलाही वाईट वाटलं असावं, कारण त्याने तिला आपल्या वाट्यातला एक बांगडा देऊ केला, तिने तो घेतला नाही. घरी येऊन ती रात्रीपर्यंत आकडेमोड करत बसली. रस्सीवर कोण किती जोर लावतो हे मोजणारा काटा बसवावा, असं एक मन म्हणत होतं. कौस्तुभ सरांनी फोनवर सांगितलं, "घाई करू नकोस. वापरणाऱ्याचं ऐक." वापरणारा काय म्हणतो हे तर तिने चांगलं ऐकलं होतं. ऐकूनच तर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आग्नेसने तिच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. "वर्ष गेला तर गेला गो. मी तुका घराभायर काढूची नाय."

"मम्मी, तूच नापास केल्लंस पयल्यांदा!"

"मगे? बोट माझा होता," आग्नेस म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक तळलेला तुकडा वाढला.

शनिवारी सकाळी पुण्याहून आलेल्या परीक्षक डॉ. रश्मी खाडिलकर किनाऱ्यावर हजर झाल्या. पांढरेशुभ्र बूट, हातात गुणपत्रिका आणि चेहऱ्यावर तीस वर्षं विद्यार्थ्यांच्या थापा ऐकल्याचा थकवा. मागोमाग कौस्तुभ सर, त्यांच्या खिशातून आज सगळ्या रंगांच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या.

"एवढी गर्दी कसली? जत्रा आहे का?" रश्मी मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," रिशेल खालमानेने म्हणाली, "हे सगळे माझं यंत्र वापरतायत."

मशीनच्या रस्सीवर त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसं होती. शनिवारची सकाळची शाळा बुडवून आलेली मुलंही होती, एका बँकेतले दोन कारकून होते आणि कोल्हापूरचं जोडपं मुक्काम वाढवून नातेवाइकांसह आलं होतं. पलीकडच्या रस्सीवर गंगाराम, यशोदा आणि आणखी आठ-दहा जुनी माणसं.

मॅक्सवेल सुरू झाला. जाळं अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात पाण्यात चमचम दिसू लागली. होडीवरच्या माणसाने दोन्ही हात वर करून नाचायला सुरुवात केली.

"बांगडो! बांगडो भरलो हा जाळ्यात!"

किनाऱ्यावर एकच गलका झाला. आनंदाच्या भरात सावित्रीसकट सगळ्यांनी रस्सी घट्ट पकडली. वाळूत पाय रुतत होते, म्हणून जो तो रस्सीवर रेलला. रिशेलने रस्सीचं वजन मोजलं होतं, जाळ्याचं मोजलं होतं, पाण्याचंही मोजलं होतं. दीडशे माणसं रस्सीला लोंबकळतील याचा आकडा तिच्या वहीत कुठेच नव्हता. मॅक्सवेल जाळ्यासकट अख्खी वाडी ओढू लागला. त्याचा आवाज घोगरा झाला, दोनदा खोकल्यासारखं केलं, काळा धूर सोडला आणि तो गप्प बसला.

क्षणभर कोणालाच काय झालं ते कळेना. पलीकडून दहा म्हातारी माणसं जीव खाऊन ओढत होती, इकडची बाजू थांबली होती आणि जाळं तिरकं व्हायला लागलं होतं. आणखी पाच मिनिटं गेली असती, तर मोसमातला सगळ्यात मोठा बांगडा मोकळ्या बाजूने पुन्हा समुद्रात गेला असता. रिशेलने डोळे मिटून घेतले. आता सही तर नाहीच, वर वाडीची मासळी घालवल्याचं पाप.

आणि मग गंगारामचा आवाज आला.

"मशीनीकडे काय बघतात? हातात रस्सी धरलात मां? मगे वढा! जो सोडीत तेचो वाटो गेलो!"

कायदा सगळ्यांना पाठ होता. सोडून पळावं, तर समोर एवढा बांगडा दिसत होता, आणि धरून उभं राहावं, तर ओढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. धोंडूने मोबाईल खिशात टाकला. हेडमास्तरांनी चष्मा काढून शर्टात ठेवला.

"हैसा!" गंगाराम ओरडला.

"हैसा!" दीडशे गळे म्हणाले आणि रस्सी सरकन हातभर वर आली. मॅक्सवेलच्या सगळ्या अश्वशक्तीला जे जमलं नव्हतं, ते एका हिसक्यात झालं. रस्सीचं टोक अजून ढोलाला जखडलेलं होतं, म्हणून रिशेलने धावत जाऊन ते सोडवलं आणि स्वतःही टोकाला लागली. कौस्तुभ सर चिठ्ठ्या वाऱ्यावर सोडून तिच्यापुढे. त्यांच्यापुढे कोल्हापूरची नवरी. दर "हैसा"ला वाडी मागे येत होती आणि जाळं पुढे. आणि रस्सीच्या मध्यावर, गुणपत्रिका दातांत धरून, पांढरे बूट वाळूत रुतवून डॉ. रश्मी खाडिलकर ओढत होत्या. त्या तिथे कधी पोचल्या, हे कोणी बघितलं नव्हतं.

जाळं वाळूला लागलं तेव्हा आतला बांगडा बघून सावित्री गुडघे विसरून नाचली. टोपल्या कमी पडल्या, घमेली आली, घमेली भरली, मग मेल्रॉयचा टेम्पो मागे लावला. वाटे घालायला बसलेल्या गंगारामला आज हात आखडता घ्यावा लागला नाही. एवढ्या माणसांना पोटभर वाटे देऊनही ढीग उरत होता. बंद पडेपर्यंत रस्सीला लागून होता, म्हणून मॅक्सवेललाही वाटा मिळाला. यशोदाने आपला वाटा दोन्ही हातांनी उचलून बघितला आणि शिजवायला घरी पाठवून दिला.

रिशेल मात्र एका बाजूला उभी होती. रश्मी मॅडम आल्या. त्यांच्या एका हातात बांगड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला रस्सीचे वळ उठले होते.

"मॅडम, मला माहितीय मी नापास आहे," रिशेल म्हणाली. "मी सगळ्याचं वजन मोजलं. फक्त माणसांचं धरलंच नाही."

"फॉर्म हाड," म्हणत गंगारामने मागून हात पुढे केला.

"पण काका, मशीन तर बंद पडला."

"हाड म्हणतंय मां!"

मॅडमसमोर उकिडवा बसून गंगाराम शुद्ध मराठीवर आला. कौस्तुभ सर प्रश्न वाचू लागले.

"वापरणाऱ्याची मूळ अडचण काय होती?"

"माणसं येत नव्हती."

"यंत्र वापरल्यावर अडचण दूर झाली का?"

गंगारामने किनाऱ्याकडे हात केला. "मोजून घ्या."

"अहो, पण ती ओढायला नव्हती आली," रश्मी मॅडम म्हणाल्या. "ओढावं लागू नये म्हणून आली होती."

"आली ना, मॅडम? आल्यावर ओढायला लावणं ते माझं काम. पण न आलेल्या माणसाला मी कसा ओढायला लावू?"

रश्मी मॅडमनी गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं. गंगारामने पेनाचं टोपण काढलं.

"शेवटचा प्रश्न," कौस्तुभ सर म्हणाले, "यंत्राच्या दुरुस्तीची काय सोय आहे?"

"दोन तासांचं काम आहे सर!" रिशेल घाईघाईने म्हणाली. "प्लग बदलला आणि पिस्टन साफ केला की उद्या सकाळी चालू!"

गंगारामने टोपण पुन्हा पेनाला लावलं. "मग सही नाही."

"का?" तिघांनी एकदम विचारलं.

"चालू झालं की परत सगळे हवा खायला येणार. मला मशीन पाहिजे. इथेच पाहिजे, माडाला बांधलेलं, सगळ्यांना दिसेल असं. पण बंद पाहिजे. कोणी विचारलं तर सांगायचं, 'फाल्या', म्हणजे उद्या दुरुस्त होणार. माणसं येतील, रस्सी हातात घेतील, आणि एकदा हातात घेतली की जातील कुठे? ही अट मान्य असेल तर सही करतो."

कौस्तुभ सरांनी चिठ्ठीसाठी खिशात हात घातला, पण चिठ्ठ्या वाऱ्यावर गेल्या होत्या. रश्मी मॅडम आधी ओठ दाबून बसल्या, मग त्यांचे खांदे हलू लागले आणि शेवटी त्या वाळूत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "चालणारं यंत्र नको म्हणणारा वापरकर्ता मला तीस वर्षांत भेटला नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र चालत नाही, त्याचे वीस गुण कापले. वापरणाऱ्याच्या समाधानाचे पैकीच्या पैकी."

गंगारामने फॉर्मवर सही केली. सही करायला त्याला मशीन सुरू करण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण ती स्पष्ट होती आणि दोन ओळी भरून होती. रिशेलने फॉर्म छातीशी धरला आणि जवळच टोपली भरत असलेल्या आईच्या गळ्यात पडली. आग्नेसचे हात मासळीचे होते, तरी तिने लेकीला घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची मिसा आटपून रिशेल किनाऱ्यावर आली तेव्हा मॅक्सवेल माडाला बांधलेला होता. त्याच्या ढोलावर एक जुनी रस्सी नीट गुंडाळून ठेवली होती आणि गंगारामने त्याला हारही घातला होता. रापणीच्या दोन्ही रस्स्यांवर मिळून शंभराच्या वर माणसं होती. धोंडू रस्सीवर करंगळी ठेवून इकडेतिकडे बघत होता. रिशेलला बघताच त्याने हाक मारली.

"गो रिशेल, ह्यां मशीन सुरू कधी होतला?"

गंगारामने पलीकडून तिच्याकडे बघितलं.

"फाल्या," रिशेल म्हणाली आणि धोंडूच्या पुढची जागा पकडून रस्सी ओढायला लागली.